कुसुम्याचा शेवटचा भाग

“वाचते म्हनलं की तुमचं डोकं दुखतंय, थांबते म्हनलं की डोळं दुखतेत. आज काय दुखायलंय, आप्पा, ते एकदाच सांगा.”

“कायबी दुखत न्हाई. मला ऐकायचं न्हाई.”

“सा वरीस ऐकलं की!”

“मंग झालं की. किती ऐकायचं मानसानं?”

“शेवटचा भाग ऱ्हायलाय. एकच. रविवारी आलाय त्यो. समद्या दुनियेनं वाचला, मी एकटीच ऱ्हायलेय. तुमच्यापायी.”

“दुनियेला घाई आसंल. आपल्याला काय घाई हाय?”

“मला हाय! पाचला हनुमानदादाची जीप येती. परळीहून सातची गाडी हाय पुन्याची. आता न्हाई वाचलं तर कवा वाचायचं?”

“गाड्या काय, रोजच जात्यात.”

“ऐका!” चुलीपुढून केशरबाई बोलली. तिचे दोन्ही हात पिठात होते, वाटेतल्या खाण्यासाठी दशम्या चालल्या होत्या. “पोरगी निघाली नौकरीला, आन बाप बसलाय बाज आवळीत. अवं, ती बाज आजच आवळायचीय का?”

कचरू बाजेचं सुंभ ओढत राहिला. बाज काही ढिली नव्हती. पण बाज आवळताना दाराकडे तोंड करून बसता येतं आणि पाठीमागे काय चाललंय ते बघावं लागत नाही. पाठीमागे काय आहे हे त्याला न बघताही ठाऊक होतं. भिंतीला टेकवलेली निळी पिशवी, चेन लावलेली. तिच्याशेजारी वनिता, हातात मोबाइल. आणि त्या हातांची नखं. वाढलेली, आणि लाल रंगवलेली.

नखांवरून तर सगळं सुरू झालं होतं. पण ते कळायला आधी कचरू कळला पाहिजे.

कचरूच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा झाला तेव्हा त्याच्या आईने त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला, आणि आत्याने, जणू टाकून दिलेलं पोर सापडलं असं दाखवत, उचलून आणला. नाव ठेवलं कचरू. मरणाला वाटावं, ह्यात घेण्यासारखं काय आहे? मरण खरंच फिरकलं नाही. पण पुढे धर्मापुरीच्या जुन्या देवळामागच्या मैदानावर लाउडस्पीकरवाला ओरडायचा, “आणि आता चेंडू आहे कचरूकडे!”, तेव्हा बाहेरगावचे लोक हसायचे. पहिला ठोसा बसेपर्यंतच हसायचे.

कारण कचरू शूटर होता. आपल्याकडे गावोगाव जो शूटिंग व्हॉलीबॉल खेळतात त्यातला शूटर. नेटपाशी नेटमन उभे राहतात, पलीकडून येणारा चेंडू अडवायला. मागे शूटर. दोन्ही हात जुळवायचे, अंग मागे न्यायचं, आणि चेंडू थेट पलीकडे हाणायचा. कोणी उचलून द्यायचं नाही, कोणाची वाट बघायची नाही. कचरूचा ठोसा बसला की पलीकडचा नेटमन डोळे मिटायचा. शिल्ड मिळाली की गावची पोरं त्याला खांद्यावर घ्यायची. खांद्यावरून उतरला की पाणी मात्र त्याच्या ओंजळीत वरून ओतायची. तो प्यायचा आणि पुढच्या गावी पुन्हा हाणायचा. एकटा शूटर सामना काढतो, हे तो अनुभवाने शिकला होता, आणि आयुष्यात दुसरं काही फारसं शिकायला मिळालं नव्हतं.

पुढे परळीला राखेच्या गाड्या भरायचं काम लागलं. औष्णिक केंद्राची राख, ती वीटभट्ट्यांना जाते. दिवसभर फावडं, वर ताडपत्री. राख दिसायला पिठासारखी, पण छातीत जाऊन बसते ती उठत नाही. चाळिशी ओलांडायच्या आत कचरूचा श्वास असा झाला की जिना चढणाऱ्याचंही त्याला कौतुक वाटायचं.

त्याच सुमाराला आठवीतली वनिता शाळेतून उड्या मारत आली. “आप्पा, मला व्हॉलीबॉलमधी घेतलं! लिफ्टर!”

“लिफ्टर मंजी?”

“बॉल उचलून द्यायचा. दुसरीनं मारायचा.”

कचरूचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी तो तसाच राखेच्या कपड्यांनी शाळेत गेला, खेळाच्या परमेश्वर सरांसमोर उभा राहिला.

“सर, माझ्या लेकीच्या हाताला काय झालंय?”

“काही नाही. का हो?”

“मंग तिला मारू कावून देत न्हाई तुमी? ही काय पानी वाढनारी हाय का? शूटरची पोरगी हाय ती!”

सरांनी समजावलं. कचरूला पटलं नाही. त्याने वनिताचे दोन सामने पाहिले आणि दोन्ही वेळा कडेला उभा राहून ओरडला, “मार की गं! दुसरीला कावून देतीस?” तिसऱ्या वेळी वनिताने त्याला सामना आहे हेच सांगितलं नाही.

मग टाळेबंदी आली. शाळा बंद, राखेच्या गाड्या बंद, आणि ऑनलाइन तासासाठी घेतलेला मोबाइल घरात. वनिताला त्यात ही जपानची चित्रगोष्ट सापडली. इंग्रजीत होती. नाव ‘दुसरा हात’ असं काहीतरी, निदान वनिताने मराठीत तसं सांगितलं. दर रविवारी एक भाग यायचा. ती कोपऱ्यात बसून वाचायची आणि मध्येच हसायची, मध्येच डोळे पुसायची. घरात बसून बसून कंटाळलेल्या बापाने विचारलं, “काय हाय त्यात?”

“तुमाला न्हाई आवडायचं. लिफ्टरची गोष्ट हाय.”

“वाच तर.”

तिने मोबाइल मध्ये धरला. कचरूने बोट डावीकडच्या चित्रावर ठेवलं. तिने ते उचलून उजवीकडे ठेवलं. “हितून वाचायचं. उलटं.”

“आमच्या आज्याकडं निजामाच्या टायमाचा कागद होता, उर्दूतला. तसंच की हे!” कचरू म्हणाला, आणि त्या क्षणापासून जपान त्याला परकं वाटेनासं झालं.

गोष्ट अशी होती. समुद्राकाठी, बर्फात बुडालेलं एक गाव. पोरं कमी झाल्यामुळे बंद पडायला आलेली शाळा. तिथला कुसुमी नावाचा बुटका पोरगा, लिफ्टर. “कुसुमी? हे काय पोराचं नाव हाय?” केशरबाईने विचारलं होतं. आडनाव आहे म्हणून सांगितलं तरी घरात त्याचा कुसुम्या झाला. त्याचा उंच, आळशी, तोंडाळ स्मॅशर, म्हणजे चेंडू मारणारा, ओगाता, तो गोट्या झाला. वाकलेल्या पाठीचे सर होते, ते सरच राहिले.

कचरू चौथी शिकलेला. पण त्याला चित्रं वाचता येऊ लागली. “ह्या मानसाला हात काढता येतात,” तो म्हणायचा. आणि खरंच, तो चितारणारा तोंडं कधीकधी घाईने उरकायचा, पण हात कधीच नाही. चेंडूखाली फुललेली दहा बोटं, बोटांना गुंडाळलेली पांढरी पट्टी, पेरांवरचं वाळलेलं रक्त, चेंडू सुटल्यावर हवेतच राहिलेला मोकळा पंजा. एकदा अख्ख्या पानावर फक्त कुसुम्याचा अंगठा होता. कचरू त्या पानावर किती वेळ बसला असेल! “बघ,” म्हणाला, “ह्यानं बॉल इकडं दावला आन दिला तिकडं. पलीकडचे तिघं येडे झाले.” मग थोडं थांबून, “हेबी मारनंच हाय की बे!” लेकीला तो ‘बे’ कधी म्हणत नसे. त्या दिवशी म्हणाला.

“लिफ्टर बोलत न्हाई, आप्पा,” वनिताने त्याला समजावलं होतं. “बोलला की पलीकडच्यांना कळतं, बॉल कुठं जानार हाय ते. गप ऱ्हायाचं आन द्यायाचं.”

कुसुम्या सामन्याआधी नखं घासायचा. नख चेंडूला लागलं तर चेंडू फिरतो. ते चित्र पाहिलं आणि कचरूने काडीपेटी आणली. तिच्या कडेच्या खरबरीत पट्टीवर शनिवारच्या शनिवारी वनिताची नखं घासायचं काम त्याचं झालं. ओसरीत बसून, तिचा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन. शेजारचा धुळाजी, जो एके काळी कचरूचा नेटमन होता, येताजाता टोमणे मारायचा. “कचरू, पार्लर काढलं का काय बे?”

“ये, तुझीबी घासतो.”

आणि ठरलं होतं की एकट्याने वाचायचं नाही. कधीच नाही. वनिता परळीच्या कॉलेजात गेली, सामन्यांसाठी लातूर-नांदेडला जाऊन आली, तरी भाग थांबवून ठेवायची. एकच सामना त्या गोष्टीत वर्षभर चालला. कचरू चिडायचा. “आरं, एका ठोशाला म्हैना? आमच्या जत्रंत येवढ्यात चार गावं हारून घरी गेली आसती!” पण रविवारी सगळ्यात आधी चष्मा तोच शोधायचा. गोट्याचा गुडघा गेला तेव्हा त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही. केशरबाई कपाळावर हात मारून घ्यायची. “कुनाचं कोन ते पोरगं, आन ह्यांना घास जाईना.”

तीच मग सहज म्हणाली होती, “का गं वने, त्यो कुसुम्या अजून बारावीतच हाय का? तू तर बीएला गेलीस.”

सगळे हसले होते. हसता हसता कचरूच्या एक गोष्ट लक्षात आली, ती त्याने कोणाला सांगितली नाही. पोरगं बारावीतच आहे. पोरगी मात्र पुढे चालली आहे.

तर गेल्या रविवारी शेवटचा भाग आला. त्याच दिवशी दुपारी चाकणहून केशरबाईच्या भाचीचा, वनमालाचा फोन आला. तिच्या कंपनीत पोरी घेताहेत, गाड्यांचे पार्ट तपासायला. शुक्रवारी हजर व्हायचं. वनिता तेव्हा शेजारणीकडे गेली होती. परत आली तेव्हा दहाही नखांना लाल रंग होता.

“हे काय?” मागचे काही शनिवार राहिले होते, म्हणून कचरूच्या हातात काडीपेटी होती.

“बीए झालं, आप्पा. टीम संपली. आता नखं काय करायचीत?”

“एमएला नाव घाल. अजून दोन वर्षं खेळता येतं. मी इचारलंय सरांना.”

“कुनासंगं खेळू?”

“आँ?”

वनिताने त्याच लाल बोटांवर एकेक नाव मोजलं. एकीचं लग्न पाटोद्याला झालं. दुसरी कारखान्याला गेली, ऊसतोडीला, नवऱ्याबरोबर. तिसरी पोलीस भरतीच्या मागे धावता धावता पायाने बसली. “आन मनी केजला. मारनारी तीच होती. तिला तर आता पोरगं झालंय.”

“दुसऱ्या येतील. कॉलेजात पोरींना काय तोटा हाय?”

“परमेश्वर सरांना इचारा. ते आता कॉलेजाकडंच असत्यात. औंदा सा पोरींनीबी नाव दिलं न्हाई.”

“आगं, मी एकट्यानं सामने काढलेत!”

“तुमी शूटर होतात, आप्पा.” ती शांतपणे बोलली, आणि तेच वाईट होतं. “शूटरचं एकट्यावर भागतं. मी लिफ्टर हाय. मी कितीबी चांगला उचलला, तर मारायला कोन हाय?”

सहा वर्षं वाचून कचरूला लिफ्टर कळला होता, असं त्याला वाटत होतं. त्या रात्री त्याला कळलं की अर्धाच कळला होता.

मंगळवारी तो कोणाला न सांगता निघाला. दोन गाड्या बदलून केजला गेला. पिशवीत ओल्या शेंगा घेतल्या, कारण रिकाम्या हाताने पोरीच्या सासरी जायचं नसतं, मग ती पोरगी आपली असो नाहीतर आपल्या पोरीची मैत्रीण. तहसीलच्या मागच्या आळीत मनीचं, म्हणजे मनिषाचं, घर होतं. सासू, चंद्रभागाबाई, अंगणात तूर निवडत बसली होती.

“कुटले म्हनायचे तुमी?”

“धर्मापुरीचा. मनिषाची मैत्रीन हाय न्हाई का, वनिता, तिचा बाप.”

“बसा, बसा. लगीन काढलं का वनिताचं? बोलवायला आलात?”

“न्हाई. लगीन न्हाई. खेळ हाय.”

“कसला खेळ?”

कचरूने वाटेत बरंच जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एवढंच बाहेर आलं. “व्हॉलीबॉल. म्हनलं, मनिषाला हप्त्यातून दोन दिस परळीला पाठवलं आसतं… मी सोता न्यायला येतो. सोता आनून सोडतो. लेकराला सांभाळायला आमची केशर हाय.”

चंद्रभागाबाईने सूप खाली ठेवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हसली, चांगलं मनापासून हसली, आणि डोळे पुसत म्हणाली, “भाऊ, लांबून आलात. च्या घ्या.”

“न्हाई पन…”

“आवो, सून खेळायला पाठवू, लेकरू तुमच्याकडं पाठवू, आन मी काय करू? टाळ्या वाजवू?” मग जरा आवाज उतरवून, “येडं बिडं न्हाई ना लागलं, भाऊ? घरचे संगं आलेत का कोनी?”

मनिषा चहा घेऊन आली. डोक्यावर पदर, कडेवर पोरगं. तिने सगळं ऐकलं होतं हे तिच्या कानांवरून दिसत होतं, लाल झाले होते.

“काका, वनी अजून नखं घासती का?”

“घासती,” कचरू म्हणाला आणि चहाच्या कपात बघू लागला.

अंगणात उंचावर दोरी बांधलेली होती. तिच्यावरचे कपडे काढायला सासूने भिंतीशी एक काठी ठेवली होती. मनिषाने काठीला हात लावला नाही. जाता जाता, पोरगं कडेवर तसंच ठेवून, तिने जागच्या जागी एक उडी घेतली आणि उजव्या हाताने लंगोट ओढला. पाऊण हात तरी वर गेली असेल. पायातली जोडवी फरशीवर वाजली.

उडी तीच होती. जशीच्या तशी होती. कचरूला ते बघवलं नाही. तो उरलेला चहा तसाच ठेवून उठला, जय भीम म्हणाला आणि बाहेर पडला. शेंगांची पिशवी तिथेच राहिली. घरी येऊन त्याने सांगितलं, धुळाजीबरोबर वीटभट्टीवर गेलतो.

बुधवारी त्याचं डोकं दुखलं.

आणि आता गुरुवार होता. दशम्यांचा वास सगळ्या घरात भरला होता. केशरबाईने फडक्यात दशम्या बांधल्या, लसणाची चटणी वेगळी बांधली आणि नवऱ्याकडे बघत लेकीला म्हणाली, “तू कावून मिनतवाऱ्या करतीस गं? गाडीत बसून वाच निवांत.”

“तसंच करते,” वनिता म्हणाली. “गाडीत वाचते. एकटीच.”

सुंभ ओढणारे हात थांबले.

कचरू उठला. बाज उलटीच राहिली. त्याने कोनाड्यातून चष्मा घेतला, जो हरवला म्हणून त्याने काल शपथा घेतल्या होत्या, आणि तो वनिताच्या शेजारी भिंतीला टेकून बसला.

“वाच.”

वनिताने मोबाइल मध्ये धरला. कचरूचं बोट आपणहून उजवीकडे गेलं.

“मागच्या भागात हारले, ते आठवतंय ना?”

“आठवतंय. तीन पॉइंटानं. पुढं हो.”

सामना संपून महिना झाला आहे. शाळा बंद व्हायची आहे. सर आपल्या खोलीतलं सामान खोक्यांत भरताहेत. गोट्या दूरच्या शहरात चालला आहे, कामाला. फाटकापाशी सगळी पोरं एकमेकांना टपल्या मारतात, शिव्या देतात. वनिताने त्या शिव्या धर्मापुरीच्या करून सांगितल्या. कचरू हसला. केशरबाईही पदराला हात पुसत येऊन मागे उभी राहिली.

पुढचं पान. कुसुम्या एकटाच, शाळेच्या खेळायच्या त्या मोठ्या बंद खोलीत. नेट अजून बांधलेलं आहे. तो चेंडू वर टाकतो. खाली जातो. दहा बोटं फुलतात. चेंडू नेटच्या वर, अगदी जिथे पाहिजे तिथे जातो. थांबतो. आणि खाली पडतो.

“हितं काय लिवलंय?”

“काय न्हाई लिवलेलं.”

पुढचं पान. तेच. चेंडू वर. चेंडू खाली.

“हितं?”

“हितंबी न्हाई.”

तिसरं पान. चौथं पान. शब्द नाही. फरशीवर पडलेले चेंडू, पाच, सहा, आठ, इकडे तिकडे घरंगळत गेलेले. आणि नेटपलीकडे कोणी नाही, नेटअलीकडे कोणी नाही. चितारणाऱ्याने हात इतका जीव ओतून काढले होते की बोटांचा थरथराट दिसत होता. वनिताचा अंगठा मोबाइलच्या कडेवर होता, लाल नख. कचरूने एकदा त्या नखाकडे पाहिलं, एकदा चित्रातल्या बोटांकडे. त्याची छाती घरघरू लागली.

“बास कर,” तो म्हणाला.

“अजून हाय, आप्पा.”

पाचव्या पानावर, अगदी कोपऱ्यात, दारात दोन पाय दिसले. अनवाणी.

कचरू पुढे वाकला. “कोन हाय गं?”

वनिताने पान सरकवलं. गोट्या! फाटकापासून परत पळत आलेला, बूट हातातच, पिशवी दारात फेकलेली. कुसुम्या वळूनसुद्धा बघत नाही. तो फक्त पुढचा चेंडू उचलतो, इतका उंच की आत्तापर्यंत कधीच दिला नव्हता. आणि त्याच्यापुढचं अख्खं पान, मोबाइल आडवा धरावा लागला एवढं मोठं: हवेत गोट्या, गुडघ्याला पट्टा, हात मागे ताणलेला.

“आला!” कचरू ओरडला. मांडीवर थाप मारली. “आला गं! बघ, म्हनलं न्हवतं मी? आला की न्हाई! हान बे, गोट्या! हान!”

केशरबाईसुद्धा “माय गं” म्हणाली.

शेवटच्या पानावर चेंडू पलीकडच्या फरशीवर आदळून वर उसळलेला होता. पोरं दिसतच नव्हती. खाली एक बारीक ओळ होती.

“काय लिवलंय?”

“इतके दिवस वाचलंत, आभारी हाय.” तिने मोबाइल बंद केला. काळ्या काचेत दोघांची तोंडं दिसली.

“आला की न्हाई पन?” कचरू अजून हसत होता. त्याचे डोळे भरले होते. “वाटलं का तुला यील म्हनून? निघून गेलता, तरी आला.”

“चितरलेलं हाय, आप्पा.”

तो काळ्या काचेकडे बघू लागला.

“चितारनाऱ्याच्या मनात आलं, त्यानं आनला. त्याला काय, दोन पाय काडायचेत दारात.”

रस्त्यावर हनुमानच्या जीपचा हॉर्न वाजला. हा हनुमान हॉर्न दाबला की सोडत नसे. केशरबाई लगबगीने दशम्यांचं फडकं पिशवीत कोंबायला धावली. “चला, चला! त्यो थांबायचा न्हाई. पाच मानसं आदीच बसलेली असत्यात.”

वनिता उठली नाही.

“मनीचा फोन आलता,” ती म्हणाली.

कचरूने चष्मा काढला.

“तुमी केजला गेलतात.”

“कोन गेलतं?” केशरबाईने विचारलं.

“शेंगा आवडल्या म्हनत होती तिची सासू. भाजून खाल्ल्या समद्यांनी.” वनिताने नाक ओढलं, हसल्यासारखं केलं. “कावून गेलतात, आप्पा? ती येनार होती का? तुमाला वाटलं, येनार?”

हॉर्न पुन्हा वाजला. बाहेरून हनुमानची हाक आली, “कचरूमामा! येतंय का कोनी, का जाऊ?”

“आलो रं!” केशरबाई दारातून ओरडली आणि आत वळून बघते तर दोघं तशीच बसलेली. “अवं, उठा की!”

वनिता उठली. पण पिशवीकडे गेली नाही. ती कचरूच्या समोर येऊन उकिडवी बसली आणि तिने दोन्ही हात त्याच्या मांडीवर ठेवले, शनिवारी ठेवायची तसे, पालथे. लाल नखं वर.

“आप्पा, नको जाऊ का?”

केशरबाई जागच्या जागी थांबली.

“तुमी म्हना. एकदा नको म्हना, मी पिशवी आत ठिवते. वनमालाला सांगते, न्हाई जमत. एमएला नाव घालते. सा पोरी कुटून आनायच्या ते मला म्हाईत न्हाई, तुमालाबी म्हाईत न्हाई. पन तुमी म्हना. मी ऱ्हाते.”

आठवडाभर कचरूच्या तोंडात तोच एक शब्द होता. नको. एमएवरून भांडताना तोच होता, केजच्या गाडीत तोच होता, बाज आवळताना तोच होता. आता लेकीने तो मागितला, मांडीवर हात ठेवून मागितला, आणि कचरूने तोंड उघडलं. त्याला देवळामागचं मैदान दिसलं, त्यावर आता गाड्या लागतात. दोरीपर्यंत गेलेली ती उडी दिसली. एमएची दोन वर्षं दिसली, आणि त्या दोन वर्षांत बंद खोलीत वर जाणारा आणि खाली पडणारा चेंडू दिसला. छातीत राख हलली, तसा तो खोकला. खोकला थांबला तरी शब्द आला नाही.

“आप्पा?”

कचरूने तिचे हात मांडीवरून उचलले. एक, मग दुसरा. तिच्या स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवले. भिंतीचा आधार घेत उभा राहिला, निळी पिशवी उचलली, ती त्याला वाटलं त्याहून जड निघाली, आणि खांद्यावर टाकून तो दाराबाहेर पडला, जीपकडे.